पुढच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीकडून काय मागावं?

फोर्ड इकोस्पोर्टने २०१३ मध्ये चार मीटरच्या आतली एसयूव्ही भारतात लोकप्रिय केली. मग ब्रेझा आली, नेक्सॉन आली, आणि आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यात जास्त दिसते ती अशीच गाडी. आपण कशासाठी पैसे मोजतो ते पाहून कंपन्या पुढची गाडी आखतात. त्यामुळे आपली मागणी गैरसमजावर उभी राहून चालणार नाही.

गैरसमज : एसयूव्ही म्हणजे कुठेही जाणारी गाडी.
वस्तुस्थिती : थार, जिम्नी यांच्यासारखे अपवाद सोडले, तर बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. त्यात काही वावगं नाही. आंबोलीचा डांबरी घाट चढायला फोर-व्हील ड्राइव्ह लागत नाही. पावसात ओल्या वळणावर चांगले टायर आणि गाडी घसरू लागताच ती सावरणारी ईएससी यंत्रणा उपयोगी पडते. तेव्हा सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्येही ईएससी आहे का, ते विचारा.

गैरसमज : ग्राउंड क्लिअरन्स जास्त, म्हणजे साचलेल्या पाण्याची भीती नाही.
वस्तुस्थिती : खड्डे आणि गतिरोधक यांवर ही उंची कामाची आहे. पाण्यात मात्र इंजिन हवा कुठून ओढतं, हे महत्त्वाचं. तिथून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, ते यासाठीच. किती खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते, तो आकडा कंपनीकडे मागा. वाहत्या पाण्यात तर गाडी घालूच नका.

गैरसमज : सहा एअरबॅग आहेत, म्हणजे गाडी सुरक्षित.
वस्तुस्थिती : एअरबॅग सीटबेल्टच्या जोडीने काम करते, त्याच्या जागी नाही. शिवाय प्रवाशांभोवतीचा सांगाडाच चेपला, तर एअरबॅग किती वाचवणार? गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या समोरून धडकेच्या चाचणीत ताशी ६४ किमी वेगाला हा सांगाडा टिकतो का, तेही पाहतात. २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी नेक्सॉन ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्याकडची चाचणीही लागू आहे. तारे मोजाच, पण मुलांच्या सुरक्षेचे वेगळे गुणही वाचा.

गैरसमज : छोटी डिकी ही डिझायनरची चूक.
वस्तुस्थिती : यामागे कर आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना (पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के जीएसटी आहे, तर मोठ्या गाड्यांना ४० टक्के. म्हणून कंपन्या लांबी आखडती घेतात, आणि ती कपात बहुधा डिकीत किंवा मागच्या सीटवर जाणवते. टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना आणि रोजच्या बॅगा सोबत न्या.

गैरसमज : स्क्रीन जितकी मोठी, तितकी गाडी आधुनिक.
वस्तुस्थिती : ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. एसी कमी करायला दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, तर तेहतीस मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. बटण मात्र हाताला न बघता सापडतं. युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांच्यासाठी खरी बटणं किंवा दांडे नसतील, तर गुण कापायचं ठरवलं आहे.

गैरसमज : कागदावरचं मायलेज रस्त्यावर मिळायलाच हवं.
वस्तुस्थिती : तो आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरलेल्या वेगक्रमाने गाडी चालवून काढतात. गाड्यांची तुलना करायला तो चांगला, पण आपला महिन्याचा खर्च त्यावरून काढू नये.

आपण सनरूफ मागितलं, आणि छोट्या गाड्यांतही ते आलं. तोच आग्रह मजबूत सांगाडा, मागच्या तिन्ही सीटना नीट बेल्ट, रात्री दूरवर दिसेल असे दिवे आणि हाताशी बटणं यांच्यासाठी धरायला हवा. पुढच्या वेळी शोरूममध्ये पहिला प्रश्न याबद्दलच विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर बुकिंग करू नका.