पावसाळ्यातला स्पेक्ट्रम

जून लागला की कर्नाळ्याच्या पायथ्याशी कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. अशा हवेत जवळपास चाळीस वर्षांचा संगणक जपायचा, तर फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकून भागत नाही. माझ्याकडचा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ मी पावसाळ्यात दर रविवारी तासभर चालवतो. आतल्या चिप्स तापल्या की ओल हटते.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ब्रिटनमध्ये १९८२ साली झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. रबरी बटणांच्या जागी कडक कळा असलेला ‘प्लस’ १९८४चा. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकातच परवाना घेऊन तो भारतात आणला. मेमरी ४८ केबी. पडदा म्हणजे घरचाच टीव्ही आणि प्रोग्रॅम ठेवायला घरचाच टेपरेकॉर्डर! म्हणून तो मला इतका आपला वाटतो.

दुरुस्तीत एकच गोष्ट जिवापाड सांभाळावी लागते. खालच्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप्स आहेत. त्यांना अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात. उणे पाच गेले की त्या पटापट जळतात आणि पडद्यावर स्वागताच्या ओळीऐवजी उभे पट्टे दिसतात. नुसत्या चिप्स बदलल्या, तर नव्याही जळतात. आधी वीजपुरवठ्याचा ट्रान्झिस्टर तपासायचा. कळांखालचा प्लॅस्टिकचा पडदा वाकतो तिथेच तडकतो, पण तो आजही नवा बनवून मिळतो.

कॅसेटवरचा प्रोग्रॅम मात्र असा नवा बनवून मिळत नाही. विकतच्या खेळांच्या प्रती जगभर जपल्या गेल्या आहेत. पण एखाद्या मुलाने स्वतः टाइप केलेला प्रोग्रॅम त्या एकाच फितीवर असतो. म्हणून भंगारात यंत्र सापडलं की मी आधी कॅसेटी विचारतो. बुरशी हलक्या हाताने पुसायची, मग आवाज लॅपटॉपवर उतरवून ठेवायचा.

परवा अशीच एक कॅसेट मिळाली, बॉलपेनने ‘पाढे’ लिहिलेली. ‘जे’ची कळ दाबली, पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटला. पण यंत्र काही केल्या फीत वाचेना. टेपच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवला, तसा घोगरा आवाज खणखणीत झाला. पडद्याच्या कडेला तांबडे-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे धावू लागले. बाहेर पाऊस कोसळत होता. दोनेक मिनिटांनी पडद्यावर प्रश्न आला, रोमन अक्षरांतल्या मराठीत: कितीचा पाढा?

मी सतरा टाइप केले.