हप्ता किती बसेल?

रोजचे आकडे : भाग 6

मोबाईलच्या, फ्रिजच्या किंवा दुचाकीच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा. गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘हप्ता किती बसेल?’ व्याजदर क्वचित विचारला जातो आणि शेवटी एकूण किती भरावे लागतील, हे तर त्याहूनही क्वचित. प्रश्न चुकीचा मुळीच नाही. पगार ठरलेला असला की हप्ता झेपेल का, हे आधी बघावंच लागतं. पण बहुतेक जण तिथेच थांबतात, कारण पुढे टक्के सुरू होतात. ‘तुम्हीच काय ते सांगा, माझं गणित कच्चं आहे,’ म्हणून ज्याला आपल्याकडून पैसे घ्यायचेत त्याच्याच हाती आपण हिशेब देऊन मोकळे होतो.

अमेरिकी गणितज्ञ जॉन अ‍ॅलन पॉलोस यांनी 1988 साली या अंक-निरक्षरतेवर अख्खं पुस्तकच लिहिलं. गणित येत नाही हे शिकलेली माणसंसुद्धा चारचौघांत हसत सांगतात, ही त्यांची तक्रार. ती खरी आहे, पण अर्धीच. कारण असं म्हणणाऱ्यांतले कितीतरी जण दिवसभर गणितच करत असतात. मंडईत गवार 120 रुपये किलो असली तर पाऊण किलोचे 90, हे भाजीवाली तराजू खाली ठेवायच्या आत सांगते. पाव किलोचे 30, असे तीन पाव. तिला पाऊणचा गुणाकार कागदावर मांडायला सांगा, ती हात जोडेल.

हे नुसतं आपलं निरीक्षण नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात कॅराहर, कॅराहर आणि श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचे हिशेब तपासले. तो अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. बारा वर्षांचा एक मुलगा नारळ विकत होता, एक 35 क्रुझेरोंना. चार नारळांचे किती, असं गिऱ्हाईक बनून विचारल्यावर त्याने तीन नारळांचे 105 धरले, त्यात आधी 30 मिळवून 135 केले, मग राहिलेले 5 घालून 140 सांगितले. अगदी बरोबर. पुढे त्याच मुलासमोर 35 गुणिले 4 असं उदाहरण ठेवलं. चार पंचे वीस, हातचे दोन. हे दोन तीनात आधीच मिळवून झाले पाच, आणि पाच चोक वीस. उत्तर लिहिलं 200. चार नारळांना 200 मागितले असते तर ते जास्त झाले, हे त्यालाच आधी कळलं असतं. वहीत मात्र नारळ नव्हते, नुसते हातचे होते. त्या अभ्यासात मुलांची बाजारातली उत्तरं 98 टक्के बरोबर आली, तर कोरी आकडेमोड दिल्यावर जेमतेम 37 टक्के.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असाच अभ्यास केला. 2025 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या लेखात या चित्राची दुसरी बाजूही आहे: शाळेत जाणारी मुलं वहीतली उदाहरणं सोडवतात, पण बाजारातला साधा हिशेब तोंडी आला की अडखळतात. म्हणजे दोन्हीकडे अर्धं अर्धं गणित आहे, आणि मधला पूल कुणी बांधलेला नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2023 च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमणारी मुलं निम्म्याहून कमी निघाली.

इथे कुणीतरी पावकी-निमकीची, म्हणजे अपूर्णांकांच्या पाढ्यांची, आठवण काढणारच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ असलेली पिढी हिशेबाला पक्की होती, हे मान्य. पण पाठांतर गेलं म्हणून गणित गेलं, हे मला पटत नाही. औटकी घडाघडा म्हणणारेही सावकाराच्या ‘शेकडा तीन’ला भुलत होतेच. ते तीन महिन्याचे. वर्षाचे 36 होतात.

आता दुकानातल्या हप्त्याकडे येऊ. समजा 1 लाखाचं कर्ज आहे, मुदत एक वर्ष, व्याज 10 टक्के ‘फ्लॅट’. व्याजाचे 10 हजार मिळवून 1 लाख 10 हजार, भागिले 12, म्हणजे हप्ता साधारण 9,167 रुपये. ऐकायला सगळं सरळ आहे. मग मेख कुठे? तर 1 लाख रुपये तुमच्याकडे फक्त पहिला महिना होते. प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल परत जात राहिली आणि शेवटच्या महिन्यात उरली बाराव्या हिश्श्याएवढी. मागच्या भागात शिकलेली सरासरी इथे लावा: वर्षभरात तुमच्या हाती सरासरीने होते 54 हजारांच्या आसपास. व्याज मात्र भरलं 10 हजार. 54 हजारांवर 10 हजार म्हणजे 18 टक्क्यांच्या घरात. बँका घटत्या शिलकीवर जसं मोजतात तसं काटेकोर मोजलं तरी हा दर 18 टक्क्यांच्या जवळच येतो. दुकानदार खोटं बोलला नाही, त्याने 10 हा आकडा सांगितला आणि आपण पुढचं विचारलं नाही.

एवढं करायला लागली ती बेरीज, भागाकार आणि सरासरी. सगळं प्राथमिक शाळेतलं. ज्याला भाजीचा पाऊण किलो जमतो त्याला हे जमतं, फक्त घाई करायची नाही आणि समोर उभ्या माणसाला लाजायचं नाही.

हे गणित स्वतः मांडायचा अगदीच कंटाळा असेल तरी एक सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसोबत बँकेने किंवा वित्त कंपनीने ग्राहकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, तेही त्याला समजणाऱ्या भाषेत. त्यात सगळे आकार धरून कर्जाचा खरा वार्षिक दर, म्हणजे ‘एपीआर’, छापलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा, मराठीत मागा, आणि दुकानात ऐकलेल्या दराशेजारी ठेवून बघा.