'अपकृत्य' : संज्ञेचा अर्थ आणि उगम

प्रस्तावना :
इंग्रजी कायद्यातील 'टॉर्ट' या संज्ञेसाठी मराठीत 'अपकृत्य' हा पर्याय रूढ आहे. व्यवहारात अपराध व अपकृत्य यांत फारसा फरक केला जात नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा भेद मूलभूत आहे.

उगम :
'टॉर्ट' हा शब्द लॅटिन 'टॉर्टम' म्हणजे पिळलेले, वाकडे यापासून आला आहे. इ.स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायव्यवहारात फ्रेंच भाषा रुजली व तिच्यामार्फत हा शब्द इंग्रजीत स्थिरावला. सरळ मार्ग सोडून केलेले वर्तन, हा त्याचा मूळ भाव होय. मराठीतील 'वाकडे पाऊल' या शब्दप्रयोगातही हीच कल्पना आढळते.

स्वरूप :
अपराधाबद्दल सामान्यतः शासन खटला चालविते व दोषीस शिक्षा होते. अपकृत्यात बाधित व्यक्ती स्वतः दिवाणी दावा करते व मुख्यतः नुकसानभरपाई मागते. मारहाण किंवा बदनामी ही एकाच वेळी अपराध व अपकृत्य असू शकते. मुदतीच्या कायद्यात (१९६३) केवळ करारभंग किंवा न्यासभंग नसलेली दिवाणी आगळीक, अशी अपकृत्याची व्याख्या दिली आहे.

हानी आणि हक्कभंग :
प्रत्येक हानी म्हणजे अपकृत्य नव्हे. ग्लॉस्टर येथील खटल्यात (१४१०) प्रतिस्पर्ध्याने शाळा काढल्यामुळे जुन्या शिक्षकांना शुल्क घटवावे लागले. तथापि त्यांचा हक्कभंग न झाल्याने दावा फेटाळला गेला. याउलट अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट (१७०३) खटल्यात मतदाराला मतदान नाकारले गेले. त्याचा उमेदवार निवडून आला होता, तरीही भरपाई मान्य झाली. भीमसिंग खटल्यात (१९८५) आमदाराला बेकायदा अटकेमुळे विधानसभेत उपस्थित राहता आले नाही; सर्वोच्च न्यायालयाने त्यास ५०,००० रुपये भरपाई देवविली.

भारतीय संदर्भ :
सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये भारतासाठी दिवाणी अपकृत्यांचे विधेयक तयार केले. परंतु त्याचा कायदा झाला नाही. परिणामी ही शाखा प्रामुख्याने न्यायनिर्णयांतून विकसित झाली. दिल्लीतील ओलियम वायुगळतीनंतर (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये धोकादायक उद्योगांसाठी 'संपूर्ण दायित्वा'चे तत्त्व मांडले.

समारोप :
शिक्षेने गुन्हेगाराला शासन होते, परंतु पीडिताचे नुकसान त्यामुळे आपोआप भरून निघत नाही. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग अपकृत्याचा कायदा दाखवितो. संहितेच्या अभावी मात्र सामान्य नागरिकाला आपला हक्क कोणता, हेच अनेकदा ठाऊक नसते. म्हणूनच या संज्ञेचे आकलन विधी शाखेपुरते मर्यादित राहू नये.