पानाला पडलेलं भोक

मुलांचं पुस्तक म्हणजे काठोकाठ रंग, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’मध्ये मात्र फळांच्या पानांवर पांढरी जागाच जास्त आहे. त्या पांढऱ्यावर एक सफरचंद, दोन नासपती, तीन आलुबुखार, आणि प्रत्येक फळाला आरपार भोक. गोष्टीतली भुकेली अळी फळ खात तिथून पलीकडे गेली, हे सांगावं लागत नाही. वाचणाऱ्याचं बोट आधीच भोकात गेलेलं असतं. सोमवारच्या एका फळाचं पान अरुंद, मंगळवारच्या दोन फळांचं त्याहून रुंद. भूक वाढते तसं पानही वाढतं. असं पुस्तक परवडेल अशा खर्चात छापणारं अमेरिकेत कुणी मिळेना, तेव्हा संपादक ॲन बेनेड्यूस यांनी जपानमधला छापखाना शोधला.

रंगांची गंमत तर आणखी वेगळी. कार्ल तयार रंगीत कागद कापत नसत. पतंगाच्या कागदासारखा पातळ पांढरा टिश्यू पेपर घेऊन त्यावर ॲक्रिलिक रंग ब्रशने, बोटांनी, स्पंजने फासायचे. वाळला की रंगांप्रमाणे खणात लावून ठेवायचा, मग हवा तो आकार कापून चिकटवायचा. म्हणून अळीचा हिरवा सपाट नाही. त्यात ब्रशचे ओरखडे आहेत, पिवळ्याची झाक आहे. संगणकावर एका क्लिकमध्ये ओतलेल्या हिरव्यात हे सापडत नाही, निदान मला तरी.

या रंगांमागे एक करडं बालपण आहे. कार्ल सहा वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेतून जर्मनीला, श्टुटगार्टला परतलं. मग युद्ध आलं, वडील रशियनांच्या कैदेत गेले. नाझींनी आधुनिक चित्रकलेला ‘अधःपतित’ ठरवलं होतं. तरी फ्रिट्झ क्राउस या चित्रकलेच्या शिक्षकांनी त्या पोराला घरी बोलावून तीच चित्रं गुपचूप दाखवली. त्यात निळे घोडे रंगवणारे चित्रकार फ्रान्झ मार्कही होते. घोडा निळा असू शकतो, हे त्या वयात कळणं थोडंथोडकं नव्हे. २०११ मध्ये कार्ल यांनी निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकारावर पुस्तक काढलं, ते उगाच नाही.

१९९३ मध्ये अळी ॲनिमेशनमध्येही आली. रंग तेच, ओरखडेही तेच, वर हालचाल आणि संगीत. फक्त पडद्यावर बोट ठेवलं तर काच लागते.