जिल्हा कसा जन्मतो?

मी मोखाडा तालुक्यातला. आमचा जिल्हा आधी ठाणे होता. 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर. घर तेच, शेत तेच, बदलला तो फक्त पत्ता, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही.

साधं उदाहरण घ्या. वडील गेले, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची आहेत. तलाठी फेरफार नोंदवतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. वाद झाला तर अपील प्रांताकडे. आमचे प्रांत जव्हारला बसतात. त्यांच्याही वर जिल्ह्याचं ठिकाण. म्हणजे नकाशावरची रेघ गरिबाच्या एसटी भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत उतरते.

राज्य नव्यानं करायचं तर संविधानाच्या कलम 3 नुसार संसदेला कायदा करावा लागतो. जिल्ह्याला राज्य सरकारची अधिसूचना पुरते. तो अधिकार जमीन महसूल संहितेत आहे. म्हणून तर महाराष्ट्रात 1960 मध्ये 26 असलेले जिल्हे आज 36 झाले. पालघर छत्तिसावा.

त्यात आठ तालुके. वसईत इमारतींची दाटी, डहाणूत चिकूच्या वाड्या, आमच्याकडे डोंगरउतारावर नागली-वरई. जिल्ह्याचं मुख्यालय पालघरला. तिथे लोकल जाते, त्यामुळे वसई-डहाणूची सोय झाली. आम्ही मात्र जव्हार, विक्रमगड, मनोर करत घाट उतरतो. मुख्यालय जव्हारलाच हवं होतं, असं माझं आजही ठाम मत आहे.

तुमच्या भागात नव्या जिल्ह्याच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, तर हरकती मुदतीत आणि लेखी द्या.