आटे, चूडी आणि तेलाची वाट

१९०८ च्या मुंबई–कोल्हापूर मोटार-चाचणीत गाजलेली रोल्स-रॉइस पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांकडे आली. अशा जुन्या गाडीचे इंजिन पुन्हा जुळवताना तेलगळतीचा प्रश्न येतोच. इथला मिस्त्री बोल्टच्या पेचांना ‘चूडी’ म्हणतो. मराठीत आपण ‘आटे’ म्हणतो. चूडी म्हणजे बांगडी, बंद वर्तुळ. आटे म्हणजे मळसूत्राची अखंड वाट, आणि तेल याच वाटेने बाहेर येते.

सरळ आट्यांत ही वाट मोकळीच राहते. तेथे गळती थांबवतो तो डोक्याखालचा तांब्याचा वायसर. जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून निववला की पुन्हा मऊ होतो. निमुळते आटे आवळताना एकमेकांत रुततात. उरलेली फट द्रवरूप सीलंटच्या पातळ थराने भरावी, टोकाचा आटा मात्र कोरडा ठेवावा. नळाची पांढरी टेप टाळावी. तिचा तुकडा तेलाच्या वाटेत अडकला, तर बेअरिंग कोरडे पडून जळते.

वर्गात मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो. बाजारात ‘चूडी’ लागेलच. पण तेल कुठून गळते, ते ‘आटे’ सांगतात. हा शब्द मुलांच्या तोंडून गेला, तर ही समजही त्याच्यासोबत जाईल.