‘कशाला गेला होता?’ म्हणण्याआधी

पाण्याने भरलेल्या गुहेत डायव्हर गेल्याची बातमी आली, की तुमच्या तोंडून पहिलं काय निघतं? ‘कशाला जायचं तिथे मरायला?’ हे त्याच्या आईने ऐकलं तर?

केव्ह डायव्हिंग करणारे अशा वेळी काय करतात, ते बघा. फ्लोरिडातले गणिताचे शिक्षक शेक एक्सली स्वतः डायव्हर होते. अशा मृत्यूंचा अभ्यास करून त्यांनी १९७९ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं. नेमकं काय चुकलं, हे त्यांनी शोधलं. त्यातून नियम पक्के झाले: गुहेच्या तोंडापासून सलग दोरी हवी, एक तृतीयांश हवा आत जायला, तेवढीच परतायला, उरलेली संकटासाठी. हे नियम आजही शिकवले जातात. १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या खोल डाइव्हमध्ये एक्सलीही गेले. त्यांच्या शेवटच्या डाइव्हचीही सोबत्यांनी तशीच चिकित्सा केली.

२०१४ मध्ये नॉर्वेच्या प्लुरा गुहेत दोन फिनिश डायव्हर दगावले. धोका फार, म्हणून मृतदेह काढायची अधिकृत मोहीम थांबवली गेली. तेव्हा मित्रच आत उतरले आणि त्यांना बाहेर घेऊन आले.

म्हणजे चुकीबद्दल बोलायचंच नाही, असं नाही. बोला, पण आधी घरच्यांना कळू द्या, तपास होऊ द्या. शेवटचा व्हिडिओ फॉरवर्ड करू नका. मग विचारा, काय चुकलं? त्या उत्तराने पुढचा कुणीतरी घरी परत येईल.